मांजरीचा परदेशप्रवास आणि रेबीजचा सव्वाशे वर्षांचा इतिहास



काही दिवसांपूर्वी आमच्या नेहमीच्या एक काकू दवाखान्यात आल्या. बी.पी. तपासून झालं, गोळ्या लिहून झाल्या, तरी त्या उठेनात. मग म्हणाल्या, "डॉक्टर, एक वेगळंच विचारायचंय. मुलगा इंग्लंडला कायमचा बोलावतोय. मनीला मागे ठेवून मी जाणार नाही. पण तिच्यासाठी चार महिने आधीपासून तयारी करायला सांगतात. चिप काय, रक्ततपासणी काय, वर तीन महिने थांबायचं! माझा व्हिसासुद्धा तेवढ्या दिवसांत होईल. घरातली मांजर, उंबरठा ओलांडत नाही. तिच्यामागे एवढा ससेमिरा कशाला?"

मी माणसांचा डॉक्टर, जनावरांचा नाही. पण या प्रश्नाचं उत्तर एका आजारात दडलेलं आहे आणि तो आजार माणसांच्या डॉक्टरांनाही झोप येऊ देत नाही. तो म्हणजे रेबीज. मांजरीच्या कागदपत्रांवरची जवळजवळ प्रत्येक तारीख या आजाराच्या विषाणूने ठरवलेली आहे. ती कशी, हे समजलं की नियम जाचक वाटणार नाहीत. शिवाय, मांजरीने ओरबाडलं तर स्वतःसाठी काय करायचं, तेही आपोआप कळेल.

आधी विषाणूची चाल समजून घेऊ

पिसाळलेल्या जनावराच्या चाव्याची ओळख आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत अशा दंशाचं वर्णन आहे. रुग्णाला पाण्याची भीती वाटू लागते, हे लक्षणही 'जलत्रास' या नावाने त्यात येतं.

रेबीजचा विषाणू पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत असतो. चावा किंवा ओरखडा यांतून तो शरीरात शिरतो. पण इतर अनेक विषाणूंप्रमाणे तो रक्तातून सगळीकडे पसरत नाही. तो जखमेजवळच्या नसेत शिरतो आणि नसेच्या आतून हळूहळू मेंदूकडे सरकतो. मेंदूत पोचला की लक्षणं सुरू होतात. तिथून तो लाळग्रंथींत उतरतो आणि पुढच्या चाव्याची वाट बघतो.

चावा आणि पहिलं लक्षण यांमधल्या काळाला इन्क्युबेशन पिरियड म्हणतात. माणसात हा काळ बहुधा दोन ते तीन महिन्यांचा असतो. कधी तो आठवड्याभराचा असतो, तर कधी वर्षाहूनही जास्त. जनावरांतही तो असाच कमी-जास्त होतो. या काळात जनावर खातं-पितं, खेळतं, मांडीवर येऊन झोपतं. बाहेरून ते पूर्ण निरोगी दिसतं. एकदा लक्षणं सुरू झाली की मात्र मृत्यू जवळजवळ अटळ असतो.

सीमेवरच्या अधिकाऱ्याची अडचण आता लक्षात येईल. समोरच्या पिंजऱ्यातली मांजर ठणठणीत दिसते आहे. पण महिन्याभरापूर्वी तिला एखाद्या पिसाळलेल्या कुत्र्याने चावलं होतं का? हे तिच्याकडे बघून कुणालाही सांगता येत नाही. पुढच्या सव्वाशे वर्षांतले सगळे नियम याच प्रश्नाची उत्तरं आहेत.

इंग्लंडने आजार हाकलला आणि तो परत आला

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या रस्त्यांवर पिसाळलेली कुत्री ही नेहमीची भीती होती. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी नऊ वर्षांच्या जोसेफ मायस्टर या मुलाला रेबीजची लस दिली आणि तो वाचला. पण ही लस चावा बसल्यावर माणसाला द्यायची होती. कुत्र्यांमधला आजार तिने कमी होणार नव्हता.

ब्रिटनने त्यासाठी वेगळा मार्ग घेतला. १८९७ मध्ये कृषी मंडळाचे प्रमुख वॉल्टर लाँग यांनी कुत्र्यांच्या तोंडाला मुसकी बांधण्याची सक्ती मोठ्या भागांत कडकपणे लागू केली. मोकाट कुत्री पकडली जाऊ लागली. बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांवरही निर्बंध आले. कुत्रेप्रेमींनी जोरदार विरोध केला, पण लाँग हटले नाहीत. १९०२ पर्यंत ब्रिटनमधून रेबीज नाहीसा झाला. तेव्हा ना जनावरांची लस सर्रास मिळत होती, ना आजची औषधं. चावे थांबवले आणि सीमा सांभाळली, एवढंच.

आता बाहेरून येणारं जनावर सहा महिने वेगळं ठेवायचा नियम रुजला. सहा महिनेच का? कारण सरळ होतं. जनावराला आधीच लागण झाली असेल तर बहुतेक वेळा तेवढ्या अवधीत लक्षणं दिसतीलच. जी तपासणी करता येत नव्हती, तिचं काम वाट बघण्याने केलं.

मग पहिलं महायुद्ध संपत आलं. फ्रान्सच्या आघाडीवरून परतणाऱ्या सैनिकांपैकी काहींनी तिथे जीव लावलेली कुत्री लपवून मायदेशी आणली. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. खंदकातल्या सोबत्याला सोडवत नव्हतं, इतकंच. पण १९१८ मध्ये रेबीज ब्रिटनमध्ये परतला. तीनशेहून अधिक जनावरांना लागण झाली आणि तो पुन्हा निपटून काढायला १९२२ साल उजाडलं.

काकूंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. नियम मोडणारे बहुतेक लोक दुष्ट नसतात. "आमचं जनावर तसं नाही" असं त्यांना मनापासून वाटत असतं.

यात मांजर कुठून आली?

रेबीज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कुत्रं येतं आणि ते बरोबरच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसं रेबीजने दगावतात आणि माणसांतल्या ९९ टक्क्यांपर्यंत लागणींमागे कुत्राच असतो. मांजरांमध्ये हा आजार स्वतंत्रपणे टिकून राहत नाही. मांजरीला तो कुत्र्याकडून किंवा जंगली जनावराकडून मिळतो.

पण एकदा मिळाला की मांजर धोकादायक ठरते. पिसाळलेली मांजर सहसा आक्रमक होते. तिचे दात सुईसारखे असल्यामुळे जखम वरून लहान दिसते, पण आत खोल जाते. आणि ती पंजे चाटते, म्हणून तिच्या नखांचा ओरखडाही आपण हलक्यात घेत नाही. ब्रिटनच्या १९२८ च्या आयात आदेशाच्या नावातच कुत्र्यांबरोबर मांजरंही आली, ती यामुळेच.

जपानचं उदाहरण तर बोलकं आहे. तिथे १९५० मध्ये रेबीज प्रतिबंधक कायदा झाला. कुत्र्यांची नोंदणी, लस आणि मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त या तीन गोष्टींवर भर दिला गेला. अवघ्या सात वर्षांत आजार संपला. जपानमध्ये जनावरातली शेवटची स्थानिक नोंद १९५७ ची आहे आणि ती कुत्र्याची नाही, एका मांजरीची आहे.

सहा महिन्यांचा पिंजरा कसा उघडला?

कित्येक दशकं ब्रिटनमध्ये येणाऱ्या प्रत्येक मांजरीला आणि कुत्र्याला सहा महिने विलगीकरणात काढावे लागत. खर्च मालकाचा. भेटायला जायचं तेही ठरलेल्या वेळी. म्हातारी किंवा आजारी जनावरं घरी येण्याआधी तिथेच मरत. लोक चिडत, पण नियम टिकला.

१९६९ मध्ये या नियमाला धक्का बसला. जर्मनीहून आणलेला एक कुत्रा सहा महिने पूर्ण करून सरे परगण्यातल्या कँबर्ली गावात घरी आला आणि सुटकेनंतर काही दिवसांतच पिसाळला. पुढच्या वर्षी न्यूमार्केटमध्ये आणखी एका आयात कुत्र्यात रेबीज सापडला. म्हणजे नुसतं वाट बघणंही शंभर टक्के पुरेसं नव्हतं. चौकशी समिती बसली, विलगीकरणातल्या जनावरांना लस देणं सक्तीचं झालं आणि १९७४ मध्ये रेबीजसाठी खास कायदा आला. त्या काळात बंदरांवर लावलेल्या इशाऱ्यांच्या फलकांमुळे ब्रिटनमधल्या एका पूर्ण पिढीच्या मनात रेबीजची धास्ती बसली.

दरम्यान युरोपात दोन गोष्टी बदलत होत्या. पहिली, जनावरांसाठीच्या लसी खूप सुधारल्या. दुसरी, तिथल्या रेबीजचं मूळ असलेल्या कोल्ह्यांपर्यंत लस पोचली. १९७८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये आमिषात लस घालून ती कोल्ह्यांच्या वाटेवर टाकण्याचा प्रयोग झाला. आमिष कसलं, तर कोंबडीची मुंडकी! प्रयोग यशस्वी ठरला आणि पश्चिम युरोपातले देश एकेक करून कोल्ह्यांच्या रेबीजमधून मुक्त होत गेले.

मग प्रश्न आला: लस घेतलेली, रक्ततपासणी झालेली, ओळख पटलेली मांजर सहा महिने कोंडून ठेवायची कशासाठी? १९९८ मध्ये ब्रिटनच्या तज्ज्ञ समितीने पर्याय सुचवला आणि २८ फेब्रुवारी २००० रोजी पाळीव प्राण्यांच्या प्रवासाची नवी योजना सुरू झाली. पण ती ठरावीक देशांपुरतीच होती. भारतातून जाणाऱ्या मांजरीला २०११ पर्यंत सहा महिन्यांचं विलगीकरण चुकत नव्हतं. १ जानेवारी २०१२ पासून ब्रिटनने युरोपीय संघासारखे नियम लावले आणि आपल्याकडच्या मांजरींनाही, अटी पूर्ण केल्या तर, विलगीकरणाशिवाय प्रवेश मिळू लागला.

आज काकूंना जे चार महिने खटकत होते, ती खरं तर शंभर वर्षांत मिळालेली सवलत आहे. थांबायचं आहेच, पण मनी पिंजऱ्याऐवजी घरच्या खिडकीत बसून थांबणार आहे.

प्रत्येक अट, आणि तिच्यामागचं कारण

भारतातून ब्रिटनला मांजर न्यायची तर मुख्य टप्पे असे आहेत:

१. मायक्रोचिप. तांदळाच्या दाण्याएवढी चिप कातडीखाली बसवतात. ही लसीच्या आधी किंवा लसीच्या वेळीच बसवावी लागते. कारण, लस नेमकी याच मांजरीला दिली याचा पुरावा हवा. लस आधी आणि चिप नंतर झाली तर लस पुन्हा घ्यावी लागते. अनेकांचे महिने इथेच वाया जातात.

२. रेबीजची लस. मांजर किमान १२ आठवड्यांची असावी. कारण, त्याआधी आईकडून मिळालेल्या अँटीबॉडी लसीचं काम बिघडवू शकतात.

३. रक्ततपासणी. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घेतात आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवतात. अँटीबॉडीची पातळी दर मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय युनिट हवी. कारण, लस टोचली गेली एवढं पुरत नाही, ती लागू पडली का हे बघायचं असतं.

४. तीन महिने थांबणं. रक्त घेतल्याच्या तारखेपासून हे मोजतात. काकूंना सर्वांत जास्त खटकलेली अट हीच. तपासणीत पास झाल्यावर आणखी थांबायचं कशाला? कारण, लस पुढच्या चाव्यापासून वाचवते. पण लस घेण्याआधीच विषाणू नसेत शिरलेला असेल, तर अँटीबॉडीचा आकडा चांगला येऊनही आजार आतून पुढे सरकत असू शकतो. हे तीन महिने त्या लपलेल्या विषाणूला उघडं पडायला दिलेला वेळ आहे. जुन्या सहा महिन्यांचाच हा वारसा आहे.

५. आरोग्य प्रमाणपत्र. निघण्याआधी पशुवैद्यकाची तपासणी आणि सरकारी प्रमाणपत्र लागतं. आपल्याकडे हे काम केंद्र सरकारचं पशु संगरोध आणि प्रमाणन सेवा केंद्र करतं, मुंबईतही ते आहे. प्रमाणपत्र मिळाल्यापासून १० दिवसांत तिथे पोचायचं असतं. ब्रिटनला विमानाने जाणारी मांजर तुमच्या शेजारी केबिनमध्ये बसून उतरू शकत नाही, ती कार्गोतून आणि मान्य मार्गानेच न्यावी लागते.

हिशोब केला तर पहिल्या लसीपासून कमीत कमी चार महिने. आणि हो, पुढची लस वेळेवर द्या. खंड पडला तर बहुधा पुन्हा पहिल्या पायरीवर यावं लागतं.

देश तशी भीती

सगळीकडे नियम सारखे नाहीत. ज्या देशाने आजार संपवला आहे तो दार घट्ट धरतो. जपान भारतासारख्या देशांतून येणाऱ्या मांजरीसाठी रक्ततपासणीनंतर तब्बल १८० दिवस थांबायला लावतो. ऑस्ट्रेलियात भारतातून थेट मांजर नेताच येत नाही. आधी तिला मान्यताप्राप्त देशात नेऊन तिथल्या अटी पूर्ण कराव्या लागतात आणि ऑस्ट्रेलियात उतरल्यावर सरकारी केंद्रात विलगीकरणही असतं.

अमेरिकेत वटवाघळं, रकून, स्कंक अशा जंगली प्राण्यांत रेबीज आहेच. तिथलं केंद्रीय आरोग्य खातं मांजरीसाठी रेबीजच्या लसीचा दाखला मागत नाही, राज्यांचे नियम मात्र वेगळे असतात. पण त्याच अमेरिकेतलं हवाई हे बेटांचं राज्य रेबीजमुक्त आहे आणि तिथले नियम कडक आहेत. ज्याच्या घरात चोर नाही, तो कडी दोनदा तपासतो.

नियम अधूनमधून बदलतात. म्हणून तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर ताजी माहिती बघा आणि पशुवैद्यकाला विचारा.

एवढी भीती खरंच रास्त आहे का?

२०१३ मध्ये पॅरिसजवळच्या आर्जांतोय इथे एका लहानशा मांजराच्या पिल्लात रेबीज सापडला. फ्रान्स तेव्हा रेबीजमुक्त होता. पिल्लू मोरोक्कोहून आणलेलं होतं. त्या एका पिल्लामुळे, त्याला हात लावलेल्या माणसांचा शोध घेऊन त्यांना लस देण्याची धावपळ करावी लागली.

२०१८ मध्ये मोरोक्कोला गेलेल्या एका ब्रिटिश रहिवाशाला मांजर चावली. ब्रिटनमध्ये परतल्यावर रेबीजने त्याचा मृत्यू झाला. ज्या देशाने १९०२ मध्येच हा आजार हाकलला, तिथल्या माणसाचा जीव एका मांजरीच्या चाव्याने गेला. देशाची सीमा सांभाळली गेली होती, जखम सांभाळली गेली नाही.

आता आपल्याबद्दल

हे सगळं काकूंना थोडक्यात सांगत असताना माझं लक्ष त्यांच्या मनगटाकडे गेलं. तीन लांब ओरखडे होते, एकावर खपली.

"हे काय काकू?"

"अहो, शेजारचा बोका खिडकीतून आत आला. मनीवर धावून गेला. सोडवायला गेले तर मलाच ओरबाडलं मेल्याने. चार दिवस झाले. हळद लावलीय."

"बोका कुणाचा?"

"कुणाचाच नाही. मोकाट आहे. त्या दिवसापासून दिसला नाही."

बघा, मनीच्या कागदांसाठी काकू चार महिने धावपळ करायला तयार होत्या आणि स्वतःच्या हातासाठी चार दिवसांत दवाखान्यात आल्या नव्हत्या. त्याच दिवशी त्यांना लस सुरू केली. रक्त आलेलं असल्यामुळे जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिनही दिलं. आणि मनीलाही पशुवैद्यकाकडे न्यायला सांगितलं, कारण बोक्याने तिलाही चावलं असणार. "उंबरठा न ओलांडणारी मांजर" म्हणजे काय, ते काकूंना न सांगता कळलं. मनी बाहेर जात नव्हती, पण बाहेरचं जग खिडकीतून आत येत होतं.

आपल्याकडे अनेक जण अजून लस टाळतात, कारण त्यांच्या डोक्यात पोटातली चौदा इंजेक्शनं असतात. ती गोष्ट खोटी नव्हती. १९११ मध्ये डेव्हिड सेंपल यांनी कसौलीला मेंढीच्या मेंदूपासून लस बनवण्याची पद्धत आणली आणि ती लस आपल्याकडे अनेक दशकं पोटावर टोचली जात होती. पण ती २००५ च्या सुमारास बंद झाली. आता लस दंडावर देतात, चार-पाच वेळाच आणि ती सुरक्षित आहे. सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते.

म्हणून, कुत्रा किंवा मांजर चावली, नख लागून रक्त आलं किंवा जखमेला चाटलं तर:

- वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं जखम धुवा. घड्याळ लावून धुवा. विषाणू नसेत शिरण्याआधी त्याला गाठायची ही पहिली संधी आहे.
- हळद, मिरची, चुना, तेल काहीही लावू नका. घट्ट पट्टी बांधू नका.
- त्याच दिवशी दवाखान्यात जा. उशीर झाला असेल तरीही जा. "आता काय उपयोग" असं म्हणून घरी बसू नका. लक्षणं नाहीत तोवर लसीला वेळ आहे.
- रक्त आलं असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन लागेल का, ते डॉक्टरांना विचारा.
- सगळे डोस तारखेनुसार पूर्ण करा.
- चावणारं जनावर दिसत असेल तर त्याच्यावर १० दिवस लक्ष ठेवा. पण त्यासाठी लस थांबवू नका.
- घरातल्या मांजरीला दरवर्षी रेबीजची लस द्या, ती परदेशी जाणार असो वा नसो.

सीमेवर ती मांजर तीन महिने थांबते, कारण विषाणू सावकाश चालतो. आपण मात्र जखम झाल्यावर थांबायचं नाही, तेही याच कारणाने. तो सावकाश चालतो, म्हणूनच त्याच्या आधी मेंदूपर्यंतची वाट अडवता येते. पण तो निघाल्यावर लगेच निघालं तरच.

काकूंचे डोस पूर्ण झाले आहेत. मनीला चिप बसली, लस झाली, रक्तही गेलं. दोघी एकमेकींची वाट बघत घरीच आहेत.

काळजी घ्या. घरात मांजर असेल तर आज तिचं लसीकरणाचं कार्ड काढून तारीख तेवढी बघा.